विद्यार्थी संघाच्या समित्या : एक अलिखित इतिहास

'समिती' हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला तो नामांतराच्या लढ्यात. १९७८ साली मी शाळेत होतो. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव द्यावे असा ठराव त्या वर्षी जुलैत विधिमंडळाने केला आणि त्यानंतर मराठवाड्यातील गावोगाव दलित वस्त्या पेटवल्या गेल्या. आमच्या वस्तीत रात्री कंदिलाच्या उजेडात माणसे जमत, कुणी पत्रक वाचून दाखवी आणि मागे बसलेली म्हातारी माणसे विचारीत, "समितीनं काय ठरवलंय मग?" त्या समितीला कार्यालय नव्हते, शिक्का नव्हता, खुर्चीही नव्हती. होती ती माणसे आणि त्यांचा शब्द. त्यामुळे समिती म्हणजे मोर्च्याची पहिली रांग, अशी माझी समजूत झाली आणि ती पुष्कळ वर्षे टिकली.

दुसऱ्या जातीची समिती मला भेटली ती १९९१ साली दिल्लीत, जवाहरलाल नेहरू विद्यापीठात एम. फिल.साठी गेलो तेव्हा. ही समिती टेबलाभोवती बसत होती. तिला विषयपत्रिका होती, गणपूर्ती होती, सूचक आणि अनुमोदक होते, आणि बैठक संपल्यावर जे घडले ते कागदावर उतरवणारा एक माणूस होता. त्या माणसाकडे कुणाचे लक्ष नसे. त्याच्याकडेच लक्ष द्यायला हवे होते, हे मला फार उशिरा कळले.

आपल्या विद्यार्थी चळवळीचा इतिहास आपण मोर्च्यांचा, लाठीमारांचा, तुरुंगांचा आणि हौतात्म्यांचा इतिहास म्हणून लिहितो. तो तसा लिहिलाच पाहिजे. तो रक्ताने लिहिलेला आहे. परंतु मोर्चा संपल्यावर मागणीचे काय होते, हा प्रश्न आपण क्वचितच विचारतो. मागणीचे निवेदन होते, निवेदन एका समितीकडे जाते, समिती दुसरी समिती नेमते, आणि तीन वर्षांनी, मोर्च्यात चाललेली पोरे पोटामागे पांगल्यावर, एक वाक्य बाहेर पडते. त्या वाक्यावर पुढच्या दहा पिढ्यांचा प्रवेश, शिष्यवृत्ती आणि वसतिगृहातील खोली अवलंबून असते. ते वाक्य लिहिताना आपण कुठे होतो? हा या लेखाचा प्रश्न आहे.

हा प्रश्न पदव्युत्तर आणि संशोधक विद्यार्थ्यांच्या बाबतीत अधिक तीव्र होतो. बी. ए.चा विद्यार्थी मुख्यतः परीक्षेच्या हाती असतो. त्याचा पेपर तपासणाऱ्याला त्याचे नाव माहीत नसते. संशोधकाचे तसे नाही. त्याला प्रवेश देणारी समिती त्याच्याकडे समोरासमोर पाहते, त्याचे आडनाव वाचते, त्याचे इंग्रजी ऐकते. विषयाला मान्यता देणारी समिती वेगळी, पाठ्यवृत्तीचा हिशेब पाहणारी वेगळी, वसतिगृहाची खोली देणारी वेगळी, आणि काही बिनसले तर चौकशी करणारीही वेगळी. पाच-सात वर्षे त्याचे आयुष्य समित्यांच्या टेबलांवरून सरकत असते. म्हणून त्याच्या विद्यार्थी संघाने कोणत्या समित्या कमावल्या आणि कोणत्या गमावल्या, हा त्याच्या जगण्याचा इतिहास आहे. त्यासाठी मी नेहरू विद्यापीठाचेच उदाहरण घेतो. तेथे प्रामुख्याने पदव्युत्तर आणि संशोधक विद्यार्थी शिकतात, आणि तेथील विद्यार्थी संघाची घटना विद्यार्थ्यांनी स्वतः लिहिलेली आहे.

या विद्यापीठाचा कायदा १९६६ साली झाला आणि विद्यापीठ १९६९ साली सुरू झाले. सत्तरीच्या दशकाच्या आरंभी विद्यार्थ्यांनी आपली घटना तयार केली. तिची रचना सोपी आहे. अध्यक्ष, उपाध्यक्ष, सरचिटणीस आणि सहचिटणीस हे चार पदाधिकारी सर्व विद्यार्थ्यांच्या थेट मतांनी निवडले जातात. विद्याशाखेला तेथे 'स्कूल' म्हणतात. प्रत्येक स्कूलमधून वेगळे प्रतिनिधी निवडून येतात. पदाधिकारी आणि प्रतिनिधी मिळून विद्यार्थ्यांची परिषद होते. पण परिषद ही सर्वोच्च नाही. सर्वोच्च असते ती आमसभा. ती रात्री जेवणे आटोपल्यावर एखाद्या वसतिगृहाच्या मेसमध्ये भरे आणि पुष्कळदा पहाटेपर्यंत चाले. पदाधिकाऱ्याला तेथे उत्तर द्यावे लागे आणि ठराव पडला तर तो निमूटपणे स्वीकारावा लागे.

या सर्व रचनेत मला सर्वांत विलक्षण वाटली ती निवडणूक समिती. निवडणूक विद्यापीठाचे कार्यालय घेत नसे. विद्यार्थ्यांमधूनच निवडलेली समिती ती घेई. अर्जांची छाननी, प्रचाराची शिस्त, अध्यक्षपदाच्या उमेदवारांची जाहीर वादसभा, मतपेट्या आणि रात्रंदिवस चालणारी मतमोजणी हे सारे विद्यार्थी करीत. या समितीत बसणाऱ्याने उमेदवारीचा मोह सोडायचा असे. ज्या गावातून मी आलो होतो तेथे मतपेटी आमच्या वस्तीपर्यंत येत होती, पण ती उघडताना आमचे माणूस कधी जवळ उभे नसे. येथे माझ्या वयाची, माझ्यासारखीच चपला घालणारी पोरे मतपेटीचे सील तोडत होती. लोकशाही म्हणजे काय हे मी पुस्तकात वाचले होते. ती हाताने कशी करतात हे तेथे पाहिले.

या संघाने देशाच्या इतिहासातही आपली नोंद केली आहे. आणीबाणीत त्याचे कार्यकर्ते तुरुंगात गेले. सप्टेंबर १९७७ मध्ये विद्यार्थी इंदिरा गांधींच्या निवासस्थानी गेले. निवडणूक हरल्यावरही त्या विद्यापीठाच्या कुलपती होत्या. त्यांच्या राजीनाम्याची मागणी करणारे निवेदन संघाचे अध्यक्ष सीताराम येचुरी यांनी त्यांच्यासमोर वाचून दाखवले आणि त्यांना ते पद सोडावे लागले. हे छायाचित्र सर्वांना ठाऊक आहे. समित्यांचे छायाचित्र मात्र कुणी काढत नाही.

या समित्यांची तीन वर्तुळे कल्पावीत. पहिल्या वर्तुळात विद्यार्थी स्वतः चालवतात त्या समित्या येतात : निवडणूक समिती, वसतिगृहाची समिती, मेस समिती. दुसऱ्या वर्तुळात विद्यार्थी आणि शिक्षक एकत्र बसतात त्या. तिसऱ्या वर्तुळात विद्यापीठाच्या स्वतःच्या समित्या येतात. तेथे विद्यार्थी फार तर निमंत्रित असतो, आणि बहुधा नसतोच.

माझे शिक्षण पहिल्या वर्तुळात झाले. मला मेस समितीत घेतले गेले, याचे कारण मला हिशेब येत होता. महिन्याचा एकूण खर्च जेवणाऱ्यांत विभागून बिल काढायचे, गैरहजेरीचे दिवस वजा करायचे, भाजीवाल्याची पावती तपासायची, आणि दर महिन्याला शंभर माणसांच्या तक्रारी ऐकायच्या. काम क्षुल्लक वाटते. पण जरा विचार करा. ज्या समाजाच्या हातचे पाणी चालत नव्हते, त्या समाजातला एक मुलगा देशाच्या सर्व प्रांतांतून आलेल्या मुलांच्या जेवणाचा हिशेब लिहीत होता आणि त्यावर त्याची सही चालत होती. माझी आई निरक्षर होती. मी तिला ही गोष्ट सुट्टीत सांगितली तेव्हा ती एवढेच म्हणाली, "तू सही करतोस व्हय? मंग नीट बघून करीत जा." समितीच्या कामाविषयी याहून शहाणा सल्ला मला कुणी दिलेला नाही, आणि पुढे मी तो मोडला, ती हकीकत नंतर येईल.

दुसऱ्या वर्तुळात महत्त्वाची म्हणजे प्रत्येक केंद्रातली विद्यार्थी-शिक्षक समिती. तिच्यावर विद्यार्थ्यांचे निवडून दिलेले प्रतिनिधी असत. अभ्यासक्रम, वाचनाची यादी, निबंधांच्या मुदती, मूल्यमापनाच्या तक्रारी असे विषय तिच्यापुढे येत. मराठी, हिंदी, तेलुगू माध्यमातून आलेल्या मुलांना इंग्रजी ग्रंथांची धास्ती असे; ती धास्ती खोलीत रडून संपवण्याऐवजी विषयपत्रिकेवरचा एक मुद्दा म्हणून मांडता येते, हे या समितीने शिकवले. वैयक्तिक लाज सार्वजनिक प्रश्नात बदलणे ही समितीची खरी शक्ती आहे. स्त्रियांनी हीच शक्ती वापरून एक मोठी संस्था उभी केली. विशाखा खटल्याचा निर्णय १९९७ साली लागला आणि १९९९ साली विद्यापीठात लैंगिक छळाविरुद्धची समिती स्थापन झाली. तिच्यात विद्यार्थी, शिक्षक आणि कर्मचारी यांचे निवडून दिलेले प्रतिनिधी होते. तक्रार करणाऱ्या मुलीला आपल्याच मताने निवडलेल्या माणसासमोर बसता येत होते. २०१७ साली ही समिती गुंडाळून तिच्या जागी वेगळी अंतर्गत समिती आणली गेली. नावे जवळजवळ सारखी, पण एक निवडलेल्यांची आणि दुसरी नेमलेल्यांची. एवढ्या एका शब्दात किती अंतर आहे, ते आपल्याला वेगळे सांगायला नको.

आता तिसरे वर्तुळ. येथे प्रवेश होतात, नियम होतात, शिक्षा होतात. विद्यार्थी संघाने आंदोलनांतून या वर्तुळाच्या उंबरठ्यापर्यंत मजल मारली. विद्वत परिषदेत त्याचे प्रतिनिधी निमंत्रित म्हणून बसू लागले. परंतु आपला खरा प्रश्न याच वर्तुळाच्या गाभ्याशी आहे, आणि त्याचा इतिहास थोडा विस्ताराने पाहिला पाहिजे.

सत्तरीच्या दशकातल्या आंदोलनांतून या विद्यापीठात एक अभिनव प्रवेशधोरण आले. मागास भागातून आलेल्या आणि गरीब घरातल्या उमेदवाराला काही वाढीव गुण देण्यात येत. आरक्षणाला जोडून आलेली ही तरतूद होती. शहरातील इंग्रजी शाळेत शिकलेला मुलगा आणि कोरडवाहू जिल्ह्यातील मुलगा यांच्या धावण्याची रेघ एक नसते, एवढे साधे सत्य तिने मान्य केले होते. १९८३ साली मोठे आंदोलन झाले, कुलगुरूंना घेराव पडला, पोलीस आवारात शिरले, शेकडो विद्यार्थी तिहार तुरुंगात गेले, विद्यापीठ बंद झाले, आणि त्या वर्षी नवे प्रवेशच झाले नाहीत. विद्यापीठ पुन्हा उघडले तेव्हा प्रवेशाचे धोरण नवे होते आणि वंचिततेचे ते गुण नाहीसे झालेले होते.

येथे थांबून विचार करण्यासारखे आहे. तुरुंगात गेलेले विद्यार्थी बाहेर आले. त्यांच्यापैकी कित्येक पुढे नामवंत झाले. ज्यांचे गुण काढून घेतले गेले ते मात्र आंदोलनात नव्हतेच, कारण ते अजून विद्यापीठात आलेच नव्हते. ते कुठे कालाहांडीत, कुठे बीडमध्ये, कुठे पलामूत दहावीचा अभ्यास करीत होते. समितीच्या निर्णयाची झळ अशी अनुपस्थितांना लागते. ते निषेध करू शकत नाहीत. आपल्यावर काय अन्याय झाला हे त्यांना कळतसुद्धा नाही. त्यांना एवढेच कळते की यादीत नाव नाही.

हे गुण परत आले ते नव्वदीच्या दशकाच्या मध्यास, विद्यार्थी संघाच्या दीर्घ पाठपुराव्यानंतर. मी तेव्हा तेथे होतो. मंडल आयोगाच्या वादळानंतरचे ते दिवस होते. १९९१ साली दलित विद्यार्थ्यांची स्वतंत्र संघटना, युनायटेड दलित स्टुडंट्स फोरम, स्थापन झाली होती. तिच्या बैठकींत आम्ही जे शिकलो ते डाव्या पक्षांच्या विद्यार्थी संघटनांच्या सभांत शिकलो नसतो. तेथे क्रांतीवर भाषणे होत आणि ती चांगली होत. येथे विचारले जाई की कोणत्या केंद्रात किती राखीव जागा रिकाम्या राहिल्या आणि त्या कोणत्या बैठकीत खुल्या झाल्या. आकडा, तारीख, बैठक. अन्यायाला आपण बहुधा भावनेत पकडतो. तो या तीन गोष्टींत पकडला की निसटत नाही.

असा अन्याय आकड्यात पकडला गेला तो मुलाखतीच्या बाबतीत. संशोधनाच्या प्रवेशात लेखी परीक्षेला ७० आणि मुलाखतीला ३० गुण होते. लेखी परीक्षेत चांगले गुण मिळवणारी दलित, आदिवासी, इतर मागासवर्गीय मुले मुलाखतीत कोसळत. ही गोष्ट विद्यार्थी वर्षानुवर्षे सांगत होते आणि त्यांना न्यूनगंडाचे निदान ऐकावे लागे. अखेर विद्यापीठालाच समित्या नेमाव्या लागल्या. प्राध्यापक अब्दुल नाफे यांच्या समितीने गुणांचे आकडे तपासले, लेखी आणि मुलाखत यांतील तफावत सामाजिक गटांनुसार दिसते हे मान्य केले आणि मुलाखतीचे गुण ३० वरून १५ करावेत अशी शिफारस केली. विद्यार्थ्यांची 'भावना' आता विद्यापीठाच्या कागदावर पुरावा झाली होती.

आणि नेमक्या त्याच वर्षी, २०१६ मध्ये, विद्यापीठ अनुदान आयोगाचे नवे नियम आले. त्यांत लेखी परीक्षा केवळ पात्रतेपुरती राहिली आणि निवड संपूर्णपणे मुलाखतीवर गेली. पंधरा हवे होते, शंभर मिळाले! डिसेंबर २०१६ मध्ये विद्वत परिषदेच्या बैठकीच्या वेळी या नियमांविरुद्ध घोषणा देणाऱ्या विद्यार्थ्यांना निलंबित करण्यात आले. त्यांत दलित-बहुजन मुले होती. पुढच्या वर्षी एम. फिल. आणि पीएच. डी.च्या जागाही शेकड्यांनी घटल्या. २०१८ साली आयोगाला नियम बदलून ७० आणि ३० चे प्रमाण आणावे लागले. म्हणजे जेथून निघालो होतो तेथेच परत पोचलो, आणि मधल्या काळात जी मुले आली नाहीत त्यांची मोजदाद कोणत्याही समितीने केली नाही.

यातून मला जो निष्कर्ष दिसतो तो कटू आहे. विद्यार्थी संघाला मेसच्या हिशेबापासून अभ्यासक्रमापर्यंत खुर्ची मिळाली. पण 'कोण आत येईल' आणि 'कोणाला बाहेर काढायचे' या दोन प्रश्नांच्या टेबलापाशी ती मिळाली नाही. जातिव्यवस्थेला उरलेल्या सर्व खुर्च्या देता येतात. या दोन खुर्च्या ती देत नाही, कारण कुणाला घरात घ्यायचे आणि कुणाला वेशीबाहेर ठेवायचे, हाच तर तिचा मूळ व्यवसाय आहे.

बाहेर काढण्याचे टेबल आपण हैदराबादमध्ये पाहिले. तेथील केंद्रीय विद्यापीठात आंबेडकर स्टुडंट्स असोसिएशन १९९३ पासून काम करीत होती. २०१५ साली तिच्या पाच दलित संशोधकांवर कारवाई झाली. त्यांना वसतिगृहातून काढण्यात आले, प्रशासकीय इमारतीत आणि सामायिक जागी एकत्र वावरण्यास मनाई झाली, आणि विद्यार्थी संघाच्या निवडणुकीत भाग घेण्यासही बंदी घालण्यात आली. रोहित वेमुला याने १७ जानेवारी २०१६ रोजी जीवन संपवले. त्याच्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आणि ते आवश्यकच होते. पण त्या शिक्षेतील निवडणूकबंदीकडे फारसे कुणी पाहिले नाही. राहण्याची जागा काढून घेतली, वावरण्याची जागा काढून घेतली, आणि प्रतिनिधी होण्याची जागाही काढून घेतली. गावाच्या बहिष्कारात पाणवठा, रस्ता आणि पंचायत या तीनच गोष्टी बंद करतात. विद्यापीठाने त्याला नियमाचा क्रमांक दिला, एवढाच फरक.

ही निवडणूकबंदी आकाशातून पडलेली नव्हती. माजी मुख्य निवडणूक आयुक्त जे. एम. लिंगडोह यांच्या समितीचा अहवाल सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २००६ मध्ये स्वीकारला आणि तो देशभरच्या विद्यार्थी निवडणुकांना लागू झाला. पैसा आणि गुंडगिरी यांना आळा घालण्याचा त्याचा हेतू चांगला होता. उमेदवाराच्या खर्चाला ५,००० रुपयांची मर्यादा घातली, हेही चांगले. परंतु संशोधक उमेदवाराचे वय २८ च्या आत हवे, हजेरी ७५ टक्के हवी, पदाधिकारी होण्याची संधी आयुष्यात एकदाच, आणि ज्याच्यावर विद्यापीठाने शिस्तभंगाची कारवाई केली आहे तो अपात्र, अशाही अटी आल्या. शेवटची अट पुन्हा वाचा. ज्या प्रशासनाविरुद्ध विद्यार्थ्याने उभे राहायचे, त्याच प्रशासनाच्या एका कागदाने त्याची उमेदवारी संपते. आणि वयाची अट कुणाला लागते? वडिलांच्या आजारपणात दोन वर्षे रोजगार हमीवर जाणाऱ्याला, धाकट्या बहिणीच्या लग्नासाठी नोकरी धरून पुन्हा शिकायला येणाऱ्याला. आपली मुले विद्यापीठात उशिरा पोचतात. शाळेत उशीर झाला म्हणून उभे करायचे आणि येथेही उशीर झाला म्हणूनच उभे करायचे!

नेहरू विद्यापीठाच्या संघाची स्वतःची घटना या अटींत बसत नव्हती. २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने तेथील निवडणुकांना स्थगिती दिली. काही अटी सैल झाल्यावर २०१२ च्या मार्चमध्ये निवडणूक झाली. मध्ये सुमारे चार वर्षे संघ निवडून आला नाही. पुढे २०१९ नंतरही अशीच चार वर्षे गेली आणि निवडणूक झाली ती मार्च २०२४ मध्ये. विद्यार्थ्याची पिढी दोन-पाच वर्षांची असते. चार वर्षे निवडणूक नसली की बैठक कशी चालवतात, ठराव कसा लिहितात हे जाणणारी पिढी निघून जाते आणि पुढच्यांना सारे मुळाक्षरांपासून शिकावे लागते.

आता आपल्या घरात येऊ. महाराष्ट्रात या प्रश्नाला स्वतःचा इतिहास आहे. १९२७ साली मुंबई विद्यापीठ कायद्याच्या दुरुस्तीवर विधिमंडळात बोलताना बाबासाहेबांनी सिनेटमध्ये मागासवर्गांना प्रतिनिधित्व असावे असा आग्रह धरला होता. महाडच्या सत्याग्रहाचे ते वर्ष. तळ्याचे पाणी आणि विद्यापीठाची सिनेट हे दोन्ही प्रश्न एकाच वर्षी एकाच माणसाने हाती घेतले, याचा अर्थ आपण नीट लावलेला नाही. पुढे १९४६ साली त्यांनी सिद्धार्थ महाविद्यालय काढले, तेव्हा तेथे विद्यार्थ्यांची संसद चालत असे. नियमाने बोलणे, नियमाने विरोध करणे, विधेयकाचा खल करणे हे आपल्या मुलांना आले पाहिजे, ही त्यामागची दृष्टी होती.

या दृष्टीचे आपण काय केले? १९९४ च्या महाराष्ट्र विद्यापीठ कायद्याने विद्यार्थी परिषदेच्या निवडणुका बंद करून गुणानुक्रमाची पद्धत आणली. वर्गात सर्वाधिक गुण मिळवणारा विद्यार्थी आपोआप प्रतिनिधी होऊ लागला. काही जागांवर प्राचार्य नेमणूक करू लागले. मी दिल्लीहून परतून मराठवाड्यातील एका महाविद्यालयात नोकरीला लागलो तो याच काळात. तेथे विद्यार्थी परिषदेचे काम एका शिक्षकाकडे असे. ते माझ्याकडे आले. परिषदेची प्रोसिडिंग बुके मी उघडून पाहिली. वर्षात चार बैठका झाल्याची नोंद होती. अक्षर एकाच कारकुनाचे, शाई एकच, आणि ठराव दरवर्षी तेच : स्नेहसंमेलन, क्रीडासप्ताह, पाहुण्यांचे आभार. भारत सरकारची शिष्यवृत्ती वर्ष उलटून जाईतो मुलांच्या हाती पडत नव्हती. मुले परीक्षा शुल्कासाठी कानातले गहाण ठेवत होती. त्याचा एक शब्दही त्या वहीत नव्हता.

मागासवर्गीय म्हणून नेमलेला एम. ए.चा एक मुलगा जूनमध्ये माझ्याकडे ती वही घेऊन आला. बैठक झालेली नव्हती. पाने मात्र भरलेली होती. त्याने विचारले, "सर, माझी सही कुठं करायची?" मी बोट दाखवले. त्याने सही केली. त्याच्याखाली मीही केली. असे मी दोन वर्षे केले. नोकरी नवी होती, कायम होण्याचा कागद वर अडकलेला होता, घरी माणसे होती. ही कारणे खरी आहेत आणि ती पुरेशी नाहीत. तिसऱ्या वर्षी एका मुलीने वही परत केली आणि म्हणाली, "सर, ही बैठक झालीच नाही. मी सही कशी करू?" तिने दिल्ली पाहिलेली नव्हती, मेस समितीचा हिशेब लिहिलेला नव्हता. माझ्या आईने मला जे सांगितले होते, ते या मुलीला कुणी न सांगता ठाऊक होते. त्या वर्षी पहिल्यांदा खरी बैठक झाली, शिष्यवृत्तीचा विषय पत्रिकेवर आला, ठराव झाला आणि तो समाजकल्याण खात्याकडे गेला. रक्कम काही लगेच आली नाही. पण ठरावाच्या प्रतीवर आवक क्रमांक पडला होता. पुढच्या वर्षी मुले तो क्रमांक घेऊन कचेरीत गेली आणि 'तुमचा अर्जच नाही' हे उत्तर त्यांना देता आले नाही.

२०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियमाने निवडणुका पुन्हा आणल्या. त्याच्या कलम ९९ मध्ये अध्यक्ष आणि सचिव यांच्याबरोबर एक महिला प्रतिनिधी आणि अनुसूचित जाती, जमाती, भटक्या-विमुक्त, इतर मागासवर्ग यांतून आळीपाळीने एक प्रतिनिधी अशी तरतूद आहे. २०१९ साली निवडणुका होणार असे जाहीर झाले आणि त्या पुढे ढकलल्या गेल्या. कायद्यात खुर्ची आली, पण सभागृहाचे कुलूप निघाले नाही.

काही तरुण मित्र म्हणतात, या खुर्च्यांचा मोह आपण का धरावा? समित्या प्रस्थापितांच्या आहेत. त्यांत बसणारा आपला माणूस आपला राहत नाही. या म्हणण्यात तथ्य आहे, आणि मी स्वतः त्याचा पुरावा आहे. परंतु याला उत्तरही आपल्याच इतिहासात आहे. संविधानाच्या मसुदा समितीवर सात सभासद होते. कुणी राजीनामा दिला, कुणी वारले, कुणी परदेशी गेले, कुणी संस्थानांच्या कामात गुंतले, कुणी प्रकृतीमुळे दिल्लीपासून दूर राहिले. मसुद्याचा भार अखेर बाबासाहेबांवर पडला, हे टी. टी. कृष्णम्माचारी यांनी नोव्हेंबर १९४८ मध्ये घटना समितीत उघडपणे सांगितले. खुर्च्या सात होत्या. पण जो बसून राहिला, ज्याने वाचले, ज्याने लिहिले, त्याच्या हातून देशाचा कायदा उतरला. समितीत बसल्याने माणूस विकला जात नाही. न वाचता सही केल्याने विकला जातो.

नेहरू विद्यापीठात १९९६ साली बत्तीलाल बैरवा हे दलित विद्यार्थी अध्यक्ष झाले. त्यानंतर दलित अध्यक्ष झाला तो २०२४ साली, धनंजय. त्याच निवडणुकीत २०१४ साली स्थापन झालेल्या बिरसा आंबेडकर फुले स्टुडंट्स असोसिएशनची प्रियांशी आर्या सरचिटणीस झाली. मध्ये अठ्ठावीस वर्षे गेली. आनंद आहेच. पण अध्यक्षाचे नाव फलकावर येते आणि वर्षाने पुसले जाते. निवडसमितीचे गुणपत्रक फलकावर येत नाही आणि पुसलेही जात नाही. म्हणून विद्यार्थ्यांना, आणि वर्गात उभ्या राहणाऱ्या माझ्या शिक्षकबंधूंना व भगिनींना, माझे सांगणे साधे आहे. बैठकीची सूचना लेखी मागा. विषयपत्रिकेत आपला विषय बैठकीआधी घाला. 'आयत्या वेळचे विषय' यावर विसंबू नका. ठराव स्वतः लिहून न्या. बहुमत विरोधात गेले तर भिन्नमत लिहून द्या आणि त्याची प्रत जपा. मागच्या बैठकीचे इतिवृत्त कायम करण्यापूर्वी ते मोठ्याने वाचायला लावा. आणि प्रवेशाच्या व शिस्तीच्या टेबलापाशी निवडून दिलेल्या विद्यार्थ्याला जागा मागा, कारण बाकी सारे तेथून ठरते.

त्या मुलीने परत केलेली वही पुढे कुठे गेली मला ठाऊक नाही. तिच्यात दोन वर्षांच्या खोट्या बैठका आहेत आणि प्रत्येकीखाली माझी सही आहे. हा इतिहास कुणी लिहायला घेतला तर ती पाने वगळू नयेत.